आवंढा

१

शुद्धलेखनाच्या चुका दिसतील, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आठवीनंतर मी शाळेत गेलो नाही. मोठे शब्द मला येत नाहीत. येतात ते साधेच, आणि तेही दाढी करताना गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलेले. तोंडाने सांगायचं तर मी अडखळतो, म्हणून लिहितो आहे. दुसरं कारण असं की हे कुणाला समोर बसवून सांगायची मला भीती वाटते. ऐकणाऱ्याचा हात कुठे जाईल याचा नेम नसतो. तुम्हीही वाचताना हात मांडीवर ठेवा, एवढं माझं ऐका.

माझं नाव तिहोमीर. सगळे तिहो म्हणतात. आमच्याकडे तिहो म्हणजे हळू, गुपचूप. "नाव ठेवलं आणि पोरगं तसंच निघालं," असं दुकानात रोज कुणीतरी म्हणतं आणि रोज सगळे हसतात.

तिसा नदीच्या काठावर आमचं गाव आहे. तिथे विदोये उस्तादांचं न्हाव्याचं दुकान आहे. खुर्च्या दोन. आतली उस्तादांची, दाराजवळची माझी. सकाळी मी किटली चढवायची, टॉवेल वाफेवर ठेवायचे, वस्तरे चामड्याच्या पट्ट्यावर घासायचे, रेडिओ लावायचा. मग म्हातारी माणसं येतात. माझ्या हाताखालून गावातली प्रत्येक मान गेली आहे. कुणाच्या मानेला कुठे वळ आहे, कुठे केस उलटे उगवतात, हे मला तोंडपाठ आहे.

त्यातली एक मान गाव्रा आजोबांची होती. ते नावाडी होते. त्यांच्या डाव्या जबड्याखाली अक्रोडाएवढी गाठ होती, मी पाहतोय तेव्हापासून. दाढी करताना मी अंगठ्याने कातडी ताणून गाठीच्या कडेने वस्तरा फिरवायचो. आजोबांची एक सवय होती. काहीही बोलायच्या आधी ते आवंढा गिळायचे. साधा नाही, घट्ट, ओला. रेडिओ चालू असला तरी ऐकू यायचा. मग कुजबुजल्यासारखं बोलायचे: "कल्ले जरा वर घे, तिहो."

सप्टेंबरच्या सुरुवातीला ते गेले. दफन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान भरलेलं होतं. स्रेतेन काका, जे पूर्वी स्टेशनवर गाड्यांची घोषणा करायचे आणि अजूनही तसेच बोलतात, म्हणाले, "उजव्या बाजूला होती गाठ. शपथेवर सांगतो."

"डाव्या," मी म्हणालो.

"बघा, दगडाला वाचा फुटली! अरे, त्याच्या शेजारच्या खुर्चीत मी वर्षानुवर्षं बसलोय."

"तुम्ही आरशात बघितली, काका. आरशात उलटं दिसतं."

सगळे हसले, पण या वेळी माझ्यावर नाही, स्रेतेन काकांवर. आणि सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. असं कधी झालं नव्हतं. मला बरं वाटलं. मी बोट उचललं आणि माझ्या स्वतःच्या मानेवर टेकवलं. "ही इथे. हाडाच्या खाली, बोटभर मागे."

उस्तादांनी ओल्या टॉवेलने माझ्या हातावर फटका मारला.

"स्वतःवर दाखवतोस? काही शिकवलं की नाही तुला आईने?"

कोपऱ्यातून कुणी "दूर राहो, दूर राहो" म्हणालं. कुणी लाकडावर बोटं वाजवली. दुसऱ्याचं दुखणं आपल्या अंगावर दाखवायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. भिंतीवर दाखवा, हवेत दाखवा, टेबलावर दाखवा. चुकून अंगावर दाखवलंच, तर ज्या हाताने दाखवलं त्याच हाताने ती जागा पुसायची आणि हात उंबऱ्याबाहेर झटकायचा.

"पूस. बाहेर जा आणि झटक," उस्ताद म्हणाले.

सगळे बघत होते. माझे कान तापले. "नंतर," मी पुटपुटलो. उस्तादांनी वैतागून स्वतःच टॉवेलने माझी मान खसाखसा पुसली आणि दारात जाऊन टॉवेल झटकला. सगळे पुन्हा हसले आणि विषय फुटबॉलवर गेला.

२

मग एका सकाळी घरी दाढी करताना बोट अडलं.

चेरीच्या बीएवढी. कातडीखाली, घट्ट, दाबली की बाजूला सरकणारी. डाव्या जबड्याच्या हाडाखाली, बोटभर मागे.

मी स्वतःला समजावलं. सर्दी झाली असेल. दात किडला असेल. माणसाच्या मानेत गाठी असतातच, त्या सुजतात आणि बसतात. फोनवर शोधलं तर पहिल्या ओळीत लिहिलं होतं की बहुतेक वेळा काही नसतं. मी "बहुतेक" या शब्दाकडेच बघत बसलो.

त्यानंतर माझा हात माझा राहिला नाही. कॉफी ओतताना मानेवर, बूट घालताना मानेवर. मी ठरवायचो, आता जेवणापर्यंत हात लावायचा नाही. मग वाटायचं, तेवढ्यात मोठी झाली असेल तर? बघायला हवं. चाचपून चाचपून कातडी लाल झाली, आणि ती लाल झाली म्हणून मी आणखी घाबरलो.

दुकानात मी गिऱ्हाइकांच्या माना दाबून बघायला लागलो. कुणाला असते का, कशी असते, किती असते.

"काय रे," स्रेतेन काका फेसातून ओरडले, "दाढी करतोयस की बाजारात कोंबडी निवडतोयस?"

आईच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच आहोत, लपवणार कुठे? तिने माझी मान उजेडाकडे वळवली, बोटाने दाबलं आणि म्हणाली, "ओल्या डोक्याने दारात उभा राहतोस. समोरची खिडकी उघडी, मागचं दार उघडं. वारा आरपार जातो नि मान धरतो. किती वेळा सांगायचं?"

राकियात फडकं भिजवून तिने माझ्या गळ्याला बांधलं. घरभर दारूचा वास. "दुकानात असाच जाऊ का?" मी विचारलं.

"जा की. लोकांना वाटेल पोरगं शेवटी सुधारलं."

ती हसली. हसून झाल्यावर तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला, आणि तो हात जरा जास्तच वेळ तिथे राहिला.

३

फडक्याने काही झालं नाही. आईने आरोग्यकेंद्रात पाठवलं.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या वाटल्या. थंड हात. माझ्या मागे उभ्या राहून त्यांनी दोन्ही हातांची बोटं मानेवर ठेवली. समोरच्या भिंतीवर दातांचं चित्र होतं. मी दात मोजायला लागलो.

"आवंढा गिळा."

मी गिळला.

"छान. आता मी सांगेन तेव्हाच पुन्हा गिळा."

मी थांबलो. त्यांची बोटं गाठीवर होती. बाहेर कुणाचं तरी बाळ रडत होतं.

"मी सांगेन तेव्हा म्हटलं ना," त्या म्हणाल्या.

"मी नाही गिळला."

"घाबरू नका, होतं असं. पुन्हा. अगदी स्थिर बसा."

मी श्वाससुद्धा धरून ठेवला. जीभ टाळूला चिकटली होती. तोंड इतकं कोरडं की गिळायला काही नव्हतंच. तरीही गाठ वर गेली, क्षणभर थांबली आणि खाली आली. मला ते आतून कळलं, आणि त्यांच्या बोटांना कळलं. त्यांनी हात झटकन मागे घेतला, चटका बसल्यासारखा.

पुढे येऊन त्या टेबलाशी बसल्या आणि बराच वेळ संगणकाकडे बघत राहिल्या. पडदा बंद होता.

"तरुण आहात," त्या म्हणाल्या. "बहुतेक काही नसेल. शहरात सोनोग्राफी करून घ्या. मी तारीख मिळवून देते."

"मघाशी ते काय होतं?"

"स्नायू," त्या म्हणाल्या. "स्नायू उडतात."

मी दाराबाहेर पडलो तेव्हा त्या साबणाने हात धूत होत्या. दार लागल्यावरही नळ बराच वेळ चालू होता.

४

स्नायू उडतात. डोळ्याची पापणी नाही का उडत? मी दिवसभर तेच घोकलं. त्यात खोटं काही नव्हतं.

पण त्यानंतर मला कळायला लागलं की ती केव्हा हलते. मी गप्प असलो तर ती निवांत असायची. मी काही बोलायला तोंड उघडलं, की शब्दाच्या आधी ती वर जायची. मग मी बोलायचंच कमी केलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. तिहो तर मुळात गुपचूपच.

एका सकाळी स्रेतेन काका माझ्या खुर्चीत होते. मी त्यांचं डोकं मागे टेकवलं, चेहऱ्यावर गरम टॉवेल गुंडाळला. फक्त नाकाचं टोक बाहेर. उस्ताद आत पाणी तापवत होते. दुकानात आणखी कुणी नव्हतं. रेडिओवर बाजारभाव चालू होते.

मी विचारणार होतो, मिशा ठेवायच्या की कापायच्या. तोंड उघडलं.

आधी आवंढा आला. घट्ट, ओला. माझ्या गळ्यातून, पण माझा नाही.

टॉवेलखालून स्रेतेन काका अगदी सहज म्हणाले, "ये गाव्रा, बैस. माझं आटपतच आलंय."

माझ्या हातातला ब्रश फेसाच्या वाटीत पडला.

काकांना थोड्या वेळाने कळलं ते काय बोलले. टॉवेलखाली त्यांचा श्वास थांबला. मग त्यांनी दोन्ही हातांनी टॉवेल ओढून काढला, आधी बाकाकडे बघितलं, मग दाराकडे, मग माझ्याकडे. चेहरा वाफेने लाल होता, पण ओठ पांढरे.

"कोण आलं होतं?"

मी मान हलवली. बोलायची हिंमत नव्हती.

"म्हातारा झालो," ते म्हणाले. स्टेशनवरचा तो आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. "डोळा लागला असेल." दाढी अर्धी ठेवून ते उठले. एरवी जाताना माझ्या खांद्यावर थाप मारतात. त्या दिवशी भिंतीच्या कडेकडेने गेले.

५

उस्तादांनी आतून सगळं ऐकलं होतं. त्यांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. तिथे टॉवेल वाळत घालतात. दमट, पांढऱ्या टॉवेलांच्या मधे ते उभे होते.

"दाखव."

मी गळ्यातलं फडकं सोडलं. त्यांनी हात लावला नाही. लांबूनच बघितलं.

"मी पुसलं होतं की रे," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण बोट तुझं होतं. पुसलं मी."

"उस्ताद, या जुन्या बायकांच्या गोष्टी आहेत. तुम्हीच म्हणता."

"म्हणतो. गिऱ्हाईक असलं की म्हणतो."

"आता पुसू का?"

"पूस."

मी पुसलं. मागच्या दारातून हात बाहेर झटकला. आम्ही दोघंही वाट बघत उभे राहिलो, वेड्यासारखे. गाठ होती तिथेच होती.

"गाव्रा आजोबांना ती कशी झाली?" मी विचारलं. "त्यांनी कुणाची दाखवली होती?"

उस्तादांनी दोरीवरचा टॉवेल काढला. तो अजून ओला होता. तरी त्यांनी त्याची नीट घडी घातली, आणि दुसरा काढला.

"सोनोग्राफीला जा," ते म्हणाले. "आणि तोपर्यंत कुणाला सांगत फिरू नकोस."

त्यांनी ते का म्हटलं हे मला रस्त्यात कळलं, आणि मी तिथेच उभा राहिलो. दाखवल्याने आली असेल, तर दाखवल्याने जाईलही. कुणीतरी स्वतःच्या मानेला बोट लावून नुसतं विचारायला हवं: कुठे, इथे?

हे सुचल्यावर मी किती वाईट वागलो तेही लिहितो. बेकरीत एक माणूस रांगेत माझ्या पुढे घुसला, वर मलाच शिवी दिली. मी कधी अनोळखी माणसाशी बोलत नाही. त्याला मात्र मी म्हणालो, "माझ्या मानेत गाठ आहे, डावीकडे." आणि त्याच्या हाताकडे बघत राहिलो. तो म्हणाला, "मग मी काय करू?" आणि नाक खाजवलं. ब्रेड न घेताच मी बाहेर पडलो. घरी येईपर्यंत मी जवळजवळ पळत होतो, त्याने दाखवलं नाही म्हणून की दाखवलं असतं तर म्हणून, हे मला अजून कळत नाही.

सोनोग्राफीला जायचं नाही, असंही मी ठरवून टाकलं. गाठ वाईट निघेल याची भीती आता उरली नव्हती. भीती होती की त्या पडद्यावर ती आवंढा गिळताना दिसेल, आणि या वेळी कुणी स्नायू म्हणणार नाही.

६

तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी मी लवकर घरी आलो.

आमच्याकडे त्या दिवसांत प्रत्येक अंगणात मोठ्या, बिनतिखट मिरच्या भाजतात, हिवाळ्याची चटणी करायला. फाटक उघडतानाच धुराचा गोड वास आला. आई अंगणातल्या चुलीपाशी पाठमोरी बसली होती. मांडीवर परात, परातीत भाजलेल्या लाल मिरच्या. डाव्या हाताने फोन कानाला, उजव्या हाताने साली ओढणं चालू. पलीकडे रुझा मावशी असणार. तिच्याशी बोलताना आईचा आवाज वेगळा होतो, लहान बहिणीसारखा.

"तुला म्हणून सांगते. झोप नाही मला. उद्या जातोय म्हणाला शहरात, पण मला माहितेय, तो जायचा नाही. बापासारखाच आहे, डॉक्टर म्हटलं की तोंड लपवतो... नाही गं, तिथे नाही. कानामागे नाही. खाली. अगं, कसं सांगू तुला, ही बघ..."

जसं काही मावशीला फोनमधून दिसणार होतं. तिचा उजवा हात परातीतून उठला. बोटं लाल, रस मनगटावरून ओघळत होता.

माझ्या मानेत गाठ वर सरकली. वर गेली आणि खाली आली नाही. तिथेच थांबली. दार उघडायच्या आधी कुणी उंबऱ्यावर येऊन उभं राहावं, तशी.

आणि मी गप्प राहिलो. फार वेळ नाही. एक श्वास. त्या एका श्वासात मला वाटलं, आता माझी मान हलकी होणार.

मग मी ओरडलो. "आई!"

एवढा मोठा आवाज माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. शेजारची कबुतरं उडाली. फोन परातीत पडला. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं, गळ्यापासून लांब ओढलं.

"वेडा झालास का? जीव गेला असता माझा!"

"हात लागला का?"

"कशाला?"

"मानेला. मानेला बोट लागलं का, सांग!"

"मला काय माहीत! बॉम्ब पडल्यासारखा ओरडतोस, आणि विचारतोस हात कुठे होता."

तिच्या हनुवटीखाली, डाव्या बाजूला, मिरचीचा लाल डाग होता. पण डाग गालावरही होता, बाहीवर होता, ॲप्रनवर तर सगळीकडे. मिरच्या सोलताना उडतंच.

"पूस ते. आई, आत्ता पूस. आणि बाहेर झटक."

तिने माझ्याकडे बघितलं. आमच्याकडच्या बाईला यापेक्षा जास्त काही समजवावं लागत नाही. तिचा चेहरा उतरला. चिडली नाही, हसलीही नाही. तिने हनुवटीखाली हात नेला, डाग पुसला आणि फाटकाकडे तोंड करून हात झटकला. "दूर राहो," ती म्हणाली. "झालं? आता फोन काढ त्यातून, मावशी ओरडतेय."

परातीतून रुझा मावशीचा बारीक आवाज येत होता: काय झालं, काय झालं गं?

फोन उचलायला मी मूठ सोडली, तेव्हा मला दिसलं. तिने पुसलं होतं, झटकलं होतं, सगळं नीट केलं होतं. डाव्या हाताने. उजवा हात तेवढा सगळा वेळ मी घट्ट धरून ठेवला होता.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आल्यावर मी डोळे उघडायच्या आधी मानेला हात लावला. इतके दिवस ती गाठ नसू दे म्हणून मी रोज असाच चाचपत आलो होतो. त्या सकाळी मी पहिल्यांदा मागितलं, असू दे. माझ्याच मानेत असू दे.

होती. चेरीच्या बीएवढी, हाडाखाली, बोटभर मागे. मला रडू आलं, एवढा आनंद झाला.

मी बोट तसंच ठेवून पडून राहिलो. मग मुद्दाम तोंड उघडलं आणि खोलीत मोठ्याने म्हणालो, "आज मंगळवार." गाठ हलली नाही. "माझं नाव तिहोमीर." हलली नाही. पुन्हा पुन्हा बोललो, वाट बघितली, कूस बदलली. ती तिथे होती, पण नुसतीच होती. मांसाचा गोळा. तिच्यात कुणी नव्हतं.

मी कपडे घालून स्वयंपाकघरात गेलो. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. कॉफी वर यायला लागली होती, ती चमच्याने फेस खाली बसवत होती. गळ्याला रुमाल बांधला होता. सकाळी गार असतं, ती बांधते कधी कधी.

माझी चाहूल लागली तशी ती बोलायला वळली. बोलायच्या आधी तिने आवंढा गिळला.

कॉफीच्या आवाजातही तो मला ऐकू आला.

"झोप लागली का?" ती म्हणाली. आवाज बसला होता. काल मावशीशी खूप वेळ बोलत होती, धूरही गेला असेल घशात. माणसं आवंढा गिळतात. मी तिच्या पोटी जन्मलो, चोवीस वर्षं तिच्यासोबत राहिलो, पण बोलायच्या आधी ती काय करते याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

"कोट घाल, आई," मी म्हणालो. माझा आवाज एकदम मोकळा आला, कशावरही न अडता.

तिने का म्हणून विचारलं नाही. गॅस बंद केला, कॉफी तशीच ठेवली आणि कोट घातला. बसथांब्यावर ती माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली, हात खिशात घालून. बस आली तेव्हा मी आधी चढलो आणि शहराची दोन तिकिटं मागितली.